चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी गोल पट्टी चढविलेली असे, तिला धाव म्हणत. लोहार ती आगीत लाल होईपर्यंत तापवी, फुगलेली असतानाच चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. थंड होताना धाव आवळली जाई आणि आरे, तुंबा, बाहेरचे लाकडी कडे सारे एकजीव होऊन जाई. चाक कितीही देखणे असले तरी जमिनीशी गाठ पडे ती धावेचीच. पुढे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात लोखंडी धाव मागे पडली, रबरी टायर आले आणि कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचे नावच मुळी ‘टायरगाडी’ पडले. अरुंद लोखंडी धाव ओल्या काळ्या मातीत सुरीसारखी घुसे. हवा भरलेला रुंद टायर त्याच मातीवर पसरून पुढे सरके. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घेऊन आडवाटेला जाणाऱ्या तरुण मंडळींत मोठ्या टायरविषयी जो वाद रंगतो, तो फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येतो. जमिनीवर किती पसरावयाचे आणि जमिनीत किती रुतावयाचे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात हा वाद तीन आठवडे चालला होता. घरात २०२० च्या बांधणीची थार, १६ इंची रिमची. गाडी धाकट्या चिरंजीवांच्या हौसेची, परंतु तिच्यावर सगळ्या घराचा हक्क. आठवड्यातून एकदा वारणाकाठच्या मळ्यावर जाणे, महिन्यातून दोनदा आजींना मिरजेला डॉक्टरांकडे नेणे, वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा कुंभोज-बाहुबलीचे दर्शन, हंगामात खेडोपाडी माल पाहण्यास जाणे, आणि उरलेल्या रविवारी चिरंजीवांचे मित्रांबरोबर डोंगरवाटांवर हिंडणे. मूळचे टायर झिजून नक्षीची खोली दोन मिलिमीटरच्या आसपास आली होती. मोटारीच्या टायरवर कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावी लागते. त्याहून कमी झाली म्हणजे टायर रद्दीत गेला असे समजावयाचे. तेव्हा नवे टायर घेणे भागच होते. प्रश्न होता, कोणते?

चिरंजीवांच्या मनात ३३ इंची टायर होते, चिखलासाठी बनविलेले, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. अण्णांच्या मनात डांबरी रस्त्याचे साधे, स्वस्त टायर होते. दोघांचीही बाजू अपुरी होती, हे पुढे कळून आले.

अण्णांचा एक नियम आहे. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भावाची गोष्ट काढावयाची नाही. टायर मोडून पाहता येत नाही. परंतु त्याच्या बाजूवर जे कोरलेले असते ते पुरते वाचले तर बरेचसे आतले दिसते, आणि वाचण्याचा कंटाळा करणे व्यापाऱ्याला शोभत नाही. चिरंजीवांनी गाडीजवळ बसून अण्णांना ती ओळ समजावून सांगितली: २४५/७५ आर १६. यातील २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रिमपासून वरच्या कडेपर्यंतची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १६ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! अण्णांना याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. एकाच सौद्यात मण, क्विंटल आणि पोती अशी तिन्ही मापे जिभेवर खेळवीत त्यांची उमेद गेली होती.

मग बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब झाला. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८३.७५. वर आणि खाली मिळून ३६७.५. त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिलिमीटर मिळविले की टायरची पुरी उंची सुमारे ७७४ मिलिमीटर. चिरंजीवांना हवे असलेले टायर २८५/७५ आर १६ या मापाचे. त्यांची उंची याच रीतीने ८३४ मिलिमीटर भरली. बाजार त्यांना ३३ इंची म्हणतो, प्रत्यक्षात ते ३२.८ इंच आहेत. फरक ६० मिलिमीटरचा. अण्णांनी आकड्याखाली रेघ ओढली तेव्हा चिरंजीवांनीच प्रामाणिकपणे सांगितले की गाडी ६० मिलिमीटरने उंच होत नाही, ३० ने होते, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो; वाढलेल्या उंचीतली अर्धी त्याच्या वर जाते, अर्धी खाली येते. “म्हणजे साठचे पैसे देऊन तीसच पदरात,” अण्णा म्हणाले.

परंतु त्या तीस मिलिमीटरला हसण्याचे कारण नाही. मोठ्या टायरची बाजू नीट समजून घ्यावयाची तर ती येथेच आहे. गाडीचे स्प्रिंग बदलून, खाली ठोकळे घालून ती उंच करता येते, आणि बरेच जण तसे करतातही. त्याने गाडीचा सांगाडा वर उचलला जातो. परंतु मागच्या अखंड अ‍ॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा लोंबत असतो, तो स्प्रिंगच्या खालच्या बाजूला असतो आणि स्प्रिंग कितीही उंच केली तरी तो आहे तेथेच राहतो. त्याला जमिनीपासून दूर नेणारी वस्तू एकच, मोठा टायर. ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या वाटेत मोटार शिरली की तिची चाके चाकोरीत जातात आणि मधला उंचवटा त्या गोळ्याला घासू लागतो. शिराळ्याच्या पश्चिमेला, एका खासगी जमिनीवर आखलेल्या वाटेत, चिरंजीवांच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. गाडी पोटावर बसली आणि चाके नुसती गरगरत राहिली. मागून ३३ इंची टायरची एका मित्राची गाडी आली आणि त्याच चाकोरीतून, कोठेही न टेकता, सावकाश निघून गेली. ते दृश्य चिरंजीवांच्या मनातून जात नव्हते. हौस ही नुसती मिरविण्याची नव्हती, तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. मोठे चाक दगडाच्या पायरीवरही सहज चढते, खड्ड्यात कमी आपटते. बैलगाडीची चाके एवढी उंच का असत याचे उत्तरही तेच.

आता दुसरी बाजू. त्याच मित्राच्या गाडीत बसून चिरंजीव परत आले, तेव्हा त्यांनी आणखी काही पाहिले होते. मात्र ते सांगण्यास त्यांना दोन दिवस लागले. चढावर गाडी उचलताना क्लचचा जळका वास येत होता. हा दोष चालविणाऱ्याचा नव्हे, गणिताचा आहे. गाडीचे गिअर ७७४ मिलिमीटरच्या चाकासाठी ठरविलेले असतात. चाक ८३४ चे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे पावणेआठ टक्के अधिक अंतर जाते, आणि जमिनीवर पोहोचणारा रेटा साधारण सात टक्क्यांनी घटतो. जणू सगळेच गिअर थोडेथोडे वरचे झाले. ब्रेकचेही तसेच, ब्रेक तेवढेच आणि लांबलेल्या तरफेच्या टोकाशी जड चाक. चिखलाच्या मोठ्या टायरचे वजन मूळच्या टायरहून सात-आठ किलोंनी सहज अधिक भरते, आणि हे वजन स्प्रिंगच्या वर नसून खाली असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ते शॉकअपला, बेअरिंगला, स्टिअरिंगच्या सांध्यांना जाणवत राहते. वळणावर स्टिअरिंग पुरते फिरविले की मित्राच्या गाडीचे टायर आत मडगार्डला घासत. ते घासू नयेत म्हणून त्याने गाडी दोन इंच उचलूनही घेतली होती. स्टेपनी या गाडीच्या मागच्या दारावर असते. दारावर जड स्टेपनी आली की बिजागऱ्यांना तो भार रोज, उघडता-मिटताना, सोसावा लागतो. मित्राचे दार खडखडू लागलेच होते.

याखेरीज एक लबाडी नकळत घडते, ती वेगाच्या काट्याची. काटा चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावते. किलोमीटरच्या नोंदीत १०,००० दिसतील तेव्हा गाडी १०,७७५ चाललेली असेल. अण्णांना वेगाच्या चुकीपेक्षा या दुसऱ्या आकड्याने अधिक अस्वस्थ केले. माप खोटे असणे ही गोष्ट पेढीवर बसणाऱ्या माणसाला सहन होत नाही, मग ते स्वतःचे नुकसान करणारे असो की दुसऱ्याचे.

येथवर मोठ्या टायरचा पक्ष लंगडा पडतो असे वाटून अण्णा आपल्या साध्या टायरकडे वळले होते. त्यांना परत आणले जूनच्या पहिल्या पावसाने. मळ्यावर हळदीची लावण चालू होती. अण्णा स्वतः ड्रायव्हरला घेऊन गेले, आणि विहिरीच्या अलीकडे, घरापासून तीनशे पावलांवर, गाडी उभी राहिली. वारणाकाठची काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते, परंतु चार सरी पडल्या की लोण्यासारखी होते. ती टायरच्या बारीक नक्षीत भरते, नक्षी दिसेनाशी होते आणि चाक म्हणजे चिखल फासलेला गुळगुळीत रूळ होऊन बसतो. चारही चाके फिरत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. लावणीचे गडी काम टाकून आले व त्यांनी गाडी ढकलून काढली. अण्णांचे पांढरे धोतर गुडघ्यापर्यंत काळे झाले होते, असे आजी पुढे सगळ्यांना सांगत. रस्त्याचे साधे टायर हा विषय त्या दिवशी संपला.

आपल्या प्रदेशातील जमीन ही एकजात नाही, आणि टायर निवडणाऱ्याने नकाशापेक्षा तिच्याकडे आधी पाहावे. काळ्या मातीला लागतात ते दूर दूर बसविलेले ठोकळे, ज्यांच्या मधल्या जागेतला चिखल चाक फिरताच बाहेर फेकला जातो. चिखलाच्या टायरचा सारा गुण या मोकळ्या जागेत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण याउलट. त्याच्या फुटलेल्या कडा धारदार असतात आणि त्या टायरच्या तळाला नव्हे, बाजूला कापतात. तळाचे पंक्चर काढता येते. बाजू कापली गेली की टायर गेला. म्हणून दगडी वाटेवर नक्षीपेक्षा बाजूची बांधणी किती जाड आहे हे महत्त्वाचे ठरते. कोकणातला जांभा कोरडा असताना खरखरीत, पकड उत्तम. पावसात त्यावर शेवाळ धरले की तोच निसरडा होतो, आणि तेथे मोठ्या ठोकळ्यांपेक्षा बारीक चिरा असलेली नक्षी अधिक उपयोगी पडते. समुद्राच्या वाळूत तर ठोकळ्यांनी अपायच होतो. चाक वाळू खणते आणि स्वतःचीच खाच तयार करते. किनाऱ्यावर गाडी नेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती असावीच. भरतीने वेढलेल्या, वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. सडे आणि पठारे यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या कासच्या पठारावर खडकावरची माती काही बोटांचीच जाड आहे आणि त्या मातीवर पावसाळ्यातील फुलांचा सगळा संसार चालतो. तेथे टायर कोणता असावा या प्रश्नाचे उत्तर, कोणताच नसावा, हे आहे.

चिखलाचे टायर आणि सर्व प्रकारच्या जमिनीचे टायर, म्हणजे ज्यांना बाजारात ‘ऑल टेरेन’ म्हणतात ते, यांतील निवड मापाच्या निवडीइतकीच मोठी असते. चिखलाच्या टायरचे ठोकळे मोठे आणि अंतरे मोठी, म्हणून डांबराला टेकणारे रबर कमी. कोरड्या रस्त्यावर त्याचा घुमणारा आवाज येतो, तो सहन करता येईल. परंतु ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते, आणि हे मात्र सहन करण्याच्या कोटीतले नाही. मिरजेचा रस्ता, जुलैची रात्र, मागच्या आसनावर छातीत कळ येत असलेल्या आजी, पुढे अंधारात दिव्याविना उभी उसाची टायरगाडी. ही काही कल्पनेतील भीती नव्हे. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक घराने अशी एखादी रात्र पाहिलेली असते. सर्व जमिनींच्या टायरची नक्षी मध्यम असते. तो चिखलात चिखलाच्या टायरइतका चालत नाही आणि डांबरावर रस्त्याच्या टायरइतका शांत नसतो. दोन्हीकडे थोडे उणे घेऊन दोन्हीकडे चालणारा तो सौदा आहे. शुद्ध हौस करणाऱ्याला तो नेहमीच कमी वाटतो.

रुंदीविषयी एक जुनी गोष्ट या चर्चेत निघाली. अण्णांच्या वडिलांनी खरेदीसाठी जुनी जीप घेतली होती. तिचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. दुसऱ्या महायुद्धात ज्या विलीज जीपने निम्म्या जगाचा चिखल तुडविला, तिचेही टायर याच मापाचे होते. आजच्या २४५ च्या टायरची रुंदी साडेनऊ इंचांहून अधिक आहे. मग त्या जीपा चालत कशा? एक तर त्या हलक्या होत्या, आणि वरचा चिखल पातळ असेल तर अरुंद चाक तो कापून खालच्या घट्ट थरावर जाऊन टेकते. खाली घट्ट थरच नसेल तर मात्र तेच चाक खोल जात राहते, आणि तेथे रुंद टायर जिंकतो. पन्नास वर्षे खेडोपाडी हिंडलेल्या अण्णांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोणत्या गावची वाट कापून निघते आणि कोणत्या गावची वाट गिळून टाकते, हे ते नावानिशी सांगत.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हवेचा आहे. रस्त्यावर ३२-३३ ठेवलेली हवा मऊ वाटेवर १८-२० पर्यंत उतरविली की टायर दबतो आणि जमिनीवर टेकलेला त्याचा भाग लांबतो. रुंदीपेक्षा लांबी अधिक वाढते, आणि वाळूत, चिखलात पकड मिळते ती या लांबीमुळे. खडकावरही दबलेला टायर दगडाला कवटाळून धरतो. चिरंजीवांनी मळ्याच्या वाटेवर हा प्रयोग त्याच झिजलेल्या टायरांवर केला. गाडी विहिरीपर्यंत न अडता गेली, घरापर्यंत मात्र नाही. झिजलेल्या नक्षीला हवा तरी किती वाचविणार? याला दोन अटी आहेत. हवा फार कमी केली, साधारण पंधराच्या खाली नेली, तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, कारण दबलेला टायर वेगात तापतो आणि तापलेला टायर फुटतो. म्हणून हवा काढणाऱ्याजवळ हवा भरण्याचा छोटा पंप आणि भरवशाचा मापकाटा असलाच पाहिजे. दोन्हींची किंमत मिळून एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

कायद्याची गोष्ट चिरंजीवांनी आधी उडवून लावली होती, कारण रस्त्यावर ३३ आणि ३५ इंची टायरच्या गाड्या सर्रास दिसतात. दिसतात हे खरे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी व निर्मात्याने ठरविलेल्या मूळ मापांशी विसंगत असे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. हवालदाराने अडविणे ही त्यातली लहान गोष्ट. अपघात झाला, दुसऱ्याचा जीव गेला आणि विमा कंपनीने न कळविलेल्या बदलाकडे बोट दाखविले, तर दावा अडकू शकतो आणि भरपाईचा भार पेढीवर येऊ शकतो. तीन पिढ्यांनी जमविलेली पत एका मडगार्डबाहेर आलेल्या टायरवर टांगून ठेवावी का, हा प्रश्न अण्णांनी मोठ्याने विचारला नाही. त्यांनी विम्याचा कागद फक्त चिरंजीवांच्या पुढे सरकविला.

निर्णायक बोलणे मात्र आजींचे झाले, आणि तेही कोणी विचारले नसता. मित्राची उंच केलेली गाडी एकदा दारात आली होती. आजींनी तिच्यात चढण्याचा प्रयत्न केला. टायरचे तीस मिलिमीटर आणि उचललेले दोन इंच मिळून पायरी चार बोटे वर गेली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना ती चार बोटे डोंगराएवढी झाली. त्या परत खाली उतरल्या आणि नातवाला म्हणाल्या, “अरे, एवढा चिखल असतो कधी?”

“पावसाळ्यात, आजी.”

“म्हणजे चातुर्मासात. तेव्हा आपल्या घरचं कोण हौसेला फिरायला बाहेर पडतं?”

नातू हसला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या ऋतूत चिखलाच्या टायरचा खरा उपयोग, त्याच ऋतूत घराचा शिरस्ता अनावश्यक प्रवास टाळण्याचा. ओल्या जमिनीवर जीव उगवलेले असतात म्हणून मुनिमहाराजही एका जागी राहतात. उरली मळ्याची खेप. ती आवश्यक, परंतु अर्ध्या किलोमीटरची. बाकी वर्षभर गाडी डांबरावर, मुरमावर आणि दगडी घाटवाटांवर धावणार होती. अर्ध्या किलोमीटरसाठी बाराही महिने ओल्या डांबरावरचा धोका, वाढलेले इंधन आणि दमलेला क्लच पत्करावा का? चिरंजीवांनी त्या रात्री वर्षभराच्या फेऱ्यांची यादी लिहून काढली. शंभरातील चार-पाच फेऱ्याच अशा निघाल्या की जेथे ३३ इंची टायर खरोखर लागला असता.

तरीही त्यांनी आपली हौस सोडून दिली असे झाले नाही, आणि ते बरे झाले. ठरले ते असे: माप मूळचेच, २४५/७५ आर १६. नक्षी सर्व जमिनींची. परंतु बांधणी जड, बाजू जाड, दगडाला टिकणारी. जोडीला हवेचा पंप, मापकाटा आणि गाडी ओढून काढण्याचा मजबूत पट्टा. भारांकही पाहिला गेला. टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा हा आकडा फार थोडे लोक वाचतात: १०४ म्हणजे त्या टायरने ९०० किलो पेलावे, ११६ म्हणजे १,२५० किलो. मूळच्या भारांकाहून खालचा टायर घ्यावयाचा नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो. त्यापुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. क्यू असेल तर १६०, एस असेल तर १८० किलोमीटर. सांगलीच्या रस्त्यांवर या अक्षराची चिंता कोणी करू नये.

चार घ्यावेत की पाच, यावर अखेरची चकमक झाली. अण्णा म्हणत, स्टेपनी तर कोरी आहे, कशाला पाचवा? येथे चिरंजीव ठाम राहिले. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत सगळ्या टायरांचा घेर सारखा असावा लागतो. एक टायर वेगळ्या घेराचा बसला आणि चारही चाकांची ताकद लावून घट्ट जमिनीवर गाडी चालविली, तर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर मागू लागतात आणि तो ताण गिअरच्या पेटीत साठतो. दगडात एक टायर कापला गेला आणि मागच्या दारावरचा जुना, वेगळ्या नक्षीचा बसविला, तर नेमक्या अडचणीच्या जागी गाडीची अर्धी ताकद बंद ठेवावी लागते. पाच घेतले. जुन्या स्टेपनीचे दुकानदाराने बरे पैसे दिले, याने अण्णांचे समाधान झाले.

टायर चढविण्याच्या दिवशी अण्णा दुकानात खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का त्यांनी चष्मा लावून वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायर ३१२४ चे, म्हणजे २०२४ च्या एकतिसाव्या आठवड्यातले. पाचवा ०९२२ निघाला. रबर नुसते पडून राहिले तरी वयाने कडक होते. दुकानदार म्हणाला की नक्षी कोरीच आहे. अण्णांनी त्याच्याशी वाद घातला नाही. गेल्या वर्षीची हळद या वर्षीच्या भावाने घेता का, एवढेच विचारले. दुपारपर्यंत गोदामातून दुसरा टायर आला.

बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले, आणि शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, असे मिस्त्रींनी दोनदा बजावले. रात्री पेढीच्या लाल वहीत नव्हे, पण तशाच एका छोट्या वहीत चिरंजीवांनी पाच रकाने आखले: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, स्टेपनी. प्रत्येकाखाली नक्षीची खोली, हवा आणि काट्यावरचे किलोमीटर. दर आठ हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलावयाच्या आणि स्टेपनीलाही फेऱ्यात घ्यावयाचे, म्हणजे पाचही सारखे झिजतील. पुढचा बदल केव्हा, ते आकड्यात लिहून चिरंजीवांनी वही अण्णांकडे दिली. अण्णांनी बेरीज तपासली, स्टेपनीच्या रकान्यात बारीक अक्षरांत टायरचा क्रमांक घातला आणि वही गाडीच्या पुढच्या खणात ठेवण्यास सांगितले.